नगण्य

बुधवारी सकाळी नऊ वाजता
डॉ. गिलख्रिस्ट फळ्यावर वारा लिहितात.
एकूण सात पदं: वेग, दाब, घर्षण, गुरुत्व,
पृथ्वीच्या फिरण्याची दोन,
आणि कोपऱ्यात एक इवलंसं,
ज्याचं नावसुद्धा त्या घेत नाहीत.
मग खडूनं एकेक छाटत जातात.
हे नगण्य. हेही नगण्य.
शेवटी दोनच उरतात,
समोरासमोर, तोलामोलाची.
"झालं," हात झटकत म्हणतात,
"एवढ्यावर अर्ध्या युरोपचं आभाळ पेलतं."

खिडकीबाहेर एडिनबरात तिरपा पाऊस.
त्याला यातलं कुणी काही कळवलेलं नाही.

आमचं सगळंच अर्धं अर्धं.
सकाळी डबीत कोंडलेला इलेक्ट्रॉन,
तो इथे आहे का विचारलं तर 'शक्यता आहे' म्हणतो.
दुपारी ढग.
तोही तेच म्हणतो.
टॉर्किल म्हणतो, निदान ढग भिजवतो तरी.

आई फोन करते शनिवारी, संध्याकाळच्या आत.
रविवारी आमच्या बेटावर कुणी कामाला हात लावत नाही,
वाळत घातलेले कपडेही आदल्या रात्री आत येतात.
मे महिना. दलदलीतून कापलेल्या पीटच्या विटा
वाळत आल्या होत्या. वर्षभराची शेगडी.
"पेगी-ॲन, आज आणू घरात, की सोमवारपर्यंत राहू देत?
तू शिकतेस ना तेच."
मी नकाशा पाहिला. उच्च दाब, एक हजार अठ्ठावीस,
समदाब रेषा सैल, कंबरपट्टा सोडल्यासारख्या.
म्हटलं, राहू देत.

रविवारी दुपारी दोन तास कोसळला.
सगळी वस्ती खिडकीतून बघत राहिली,
देवळातून आल्या कपड्यांनिशी,
हात मांडीवर ठेवून.
आई रागावली नाही.
एवढंच म्हणाली,
"तुमच्या गणितात रविवार नसेल धरलेला."

मी वहीच्या समासात लिहिलं: आठवं पद.
पुढे काय लिहायचं ते सुचेना.

गुरुवारी फुगा.
टॉर्किलनं तोंड बांधलं, मी दोरी धरली,
खाली लटकलेला पांढरा डबा: तापमान, दाब, आर्द्रता,
आणि चिठ्ठी, 'धोकादायक नाही, सापडल्यास परत पाठवा'.
तीन म्हणताच वाऱ्यावर सोडला.
असं सोडताना अपराधी वाटत नाही,
फक्त तळहात एकदम हलका होतो.
नंतर आम्ही पडद्यावर त्याच्यासोबत चढत राहिलो,
उणे दहा, उणे चाळीस, उणे छप्पन्न,
बाहेरचा दाब हटत गेला तसा तो फुगत फुगत
पंचवीस किलोमीटरवर फुटला.
आकडे तेवढे खाली आले.
टॉर्किल जेवायला गेला.

तीन आठवड्यांनी खोक्यातून डबा परत.
दक्षिणेकडच्या टेकड्यांवरच्या कुणा मेंढपाळाची चिठ्ठी:
'तुमची वस्तू माझ्या मेंढ्यांत पडली.
दोरी एका मेंढीनं खाल्ली. मेंढी बरी आहे.
उद्या लोकर कातरायची आहे. पाऊस आहे का?
— वॉल्टर टर्नबुल'

पत्राला यायला दोन दिवस लागले होते.
त्याचा उद्या कालच होऊन गेलेला.
तरी मी तो मागचा दिवस काढून बघितला,
नोंदी, नकाशे, रडारच्या हिरव्या ठिपक्यांचा माग,
आणि उत्तर लिहिलं: श्री. टर्नबुल,
तुमच्याकडे पाऊस पडला नसावा.
पडला असल्यास कृपया कळवा.
मेंढीला विचारलं म्हणून सांगा.

परीक्षेत प्रश्न आलाच:
कोणती पदं वगळाल, आणि का?
सगळी बरोबर वगळली.
वीसपैकी अठरा.

त्या शनिवारी फोन आला,
तिनं काही विचारायच्या आत मीच विचारलं,
आई, तिकडे आभाळ कसं आहे?
"थांब," म्हणाली.
दाराची कडी वाजली. मग बोलणं नाही,
फक्त फोनच्या तोंडात वारा,
भरभरून, खरखरीत, मधेच पडणारा, पुन्हा उठणारा.
मी कानाला लावून बसले.
नैऋत्येचा असावा.
पेन हातात होतं,
पण नोंद करायचं राहून गेलं.